पिन जुळला, म्हणजे प्रश्न मिटला काय?

म्हैसूरच्या मानंदवाडी रस्त्यावर रेशमाचा सरकारी कारखाना आहे. १९१२ साली राजाश्रयाने सुरू झालेल्या या कारखान्याच्या साड्या ‘म्हैसूर सिल्क’ या नावाने देशभर ओळखल्या जातात. दसऱ्याच्या दिवसांत सांगली-कोल्हापूरकडून सहलीला आलेली कुटुंबे राजवाडा, वृंदावन उद्यान आणि चामुंडी टेकडी आटोपली की हमखास या कारखान्याच्या विक्रीकेंद्राकडे वळतात. साडी पसंत करायला तास-दीड तास सहज जातो. साडी अस्सल आहे की नाही हे ठरवायला मात्र क्षणही पुरतो, कारण प्रत्येक साडीवर भरतकामाने उमटवलेला तिचा स्वतंत्र क्रमांक असतो आणि सोबत होलोग्रामची खूणही असते. गृहिणी पदर हातावर घेते, क्रमांक पाहते आणि निश्चिंत होते.

त्यानंतर पैसे देण्याची वेळ येते. कार्ड यंत्रात सरकवले जाते, चार आकडे दाबले जातात, चार-सहा सेकंद शांततेत जातात आणि यंत्रातून कागदाची चिठ्ठी बाहेर पडते. साडीची खात्री त्या गृहिणीने स्वतःच्या डोळ्यांनी करून घेतली. कार्डाची खात्री कोणी केली, कशाच्या आधारे केली आणि त्या चार-सहा सेकंदांत नेमके काय घडले, हे तिला दिसले नाही. गल्ल्यावर बसलेल्या विक्रेत्यालाही ते दिसले नाही.

याच शहरात, मेटगळ्ळी भागात, भारतीय रिझर्व्ह बँक नोट मुद्रण या कंपनीचा छापखाना आहे. रिझर्व्ह बँकेने ही कंपनी १९९५ साली स्थापन केली. नोटांचा कागद बनविणारी गिरणी येथे आहे आणि २०२२ पासून ‘वर्णिका’ नावाचा शाईचा कारखानाही येथेच चालतो. नोटछपाई म्हटले की मराठी वाचकाला प्रथम नाशिकरोड आठवते आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु कागद, शाई आणि छपाई या तिन्ही गोष्टी एकाच गावात पाहायच्या असतील तर म्हैसूरचेच नाव घ्यावे लागते. एवढा खटाटोप कशासाठी? नोट हातात येताच तिने आपला खरेपणा आपणच सांगावा यासाठी. जलचिन्ह उजेडात धरले की दिसते, सुरक्षा धागा बोटाला आणि डोळ्याला कळतो, उठावाची छपाई दृष्टिहीन माणसालाही स्पर्शाने समजते. नोट खरी आहे हे पाहण्यासाठी बँकेला दूरध्वनी करावा लागत नाही.

कार्डाचे तसे नाही. कार्डाचा खरेपणा प्रत्येक व्यवहाराच्या वेळी नव्याने सिद्ध करावा लागतो. ही सिद्धता कार्ड, दुकानातील यंत्र आणि बँकेचा संगणक यांच्यातील प्रश्नोत्तरांतून होते, आणि त्या प्रश्नोत्तरांची संपूर्ण नोंद बँकेच्या बाजूला राहते. ग्राहकाकडे उरते ती केवळ चिठ्ठी. असे असूनही एखादा ग्राहक ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ अशी तक्रार घेऊन येतो, तेव्हा त्याला बहुधा एका वाक्याचे उत्तर मिळते: ‘पिन जुळला आहे, म्हणजे व्यवहार आपणच केला किंवा पिन आपणच कोणाला तरी सांगितला.’ हे उत्तर पुरेसे आहे काय, हा प्रश्न बँकिंग व्यवसायातील प्रत्येकाने स्वतःला विचारला पाहिजे. त्यासाठी कार्डात काय साठवलेले असते आणि काय नसते, हे आधी समजून घेणे आवश्यक आहे.

कार्डावरील लांबलचक क्रमांक हे गुपित नव्हे. त्यातील आरंभीचे अंक कार्ड कोणत्या जाळ्याचे आणि कोणत्या बँकेचे आहे ते सांगतात, मधले अंक ग्राहकाच्या कार्डाचे असतात आणि अखेरचा अंक हा केवळ राखणदार असतो. आयबीएम कंपनीतील हान्स पीटर लून या अभियंत्याने १९५४ साली मांडलेल्या युक्तीवर हा अखेरचा अंक ठरतो. उदाहरणासाठी १८२४५ हा छोटा क्रमांक घेऊ. उजवीकडून आरंभ करून एकाआड एक अंक दुप्पट करायचा आणि दुप्पट दोन अंकी झाली तर तिचे अंक मिळवायचे. पाचाचे दहा होतात, म्हणजे एक, चार तसाच राहतो, दोनाचे चार, आठ तसाच, एकाचे दोन. बेरीज झाली १९. पुढील पूर्ण दशक गाठण्यासाठी एक हवा, म्हणून अखेरचा अंक १ आणि संपूर्ण क्रमांक १८२४५१. आता कोणी घाईत आठ आणि दोन यांची अदलाबदल करून १२८४५१ असे टंकले, तर बेरीज २० न होता १७ होते आणि यंत्र तत्काळ नकार देते. एक अंक चुकला तर तो या हिशेबातून सुटत नाही. मात्र हा हिशेब सर्वांना ठाऊक आहे. तो लबाडी पकडण्यासाठी नसून हातचुकी पकडण्यासाठी आहे, आणि दोहोंतील हा भेद कार्डांच्या इतिहासात फार उशिरा ओळखला गेला.

कार्डाच्या पाठीवरील काळ्या पट्टीची कथा याहून बोलकी आहे. ध्वनिफितीवर जो चुंबकीय थर असतो त्याच जातीचा थर या पट्टीवर असतो. साठच्या दशकात आयबीएमचे फॉरेस्ट पॅरी चुंबकीय फितीचा तुकडा प्लास्टिकवर चिकटविण्याच्या खटपटीत होते. कोणतीही खळ टिकेना. तेव्हा पत्नीच्या हातातील कपड्यांच्या इस्त्रीने ते काम साधले, असे सांगितले जाते. या पट्टीवर दोन ओळींत माहिती असते. पहिलीत जास्तीत जास्त ७९ अक्षरे आणि दुसरीत ४० अंक मावतात. कार्डाचा क्रमांक, मुदत, धारकाचे नाव, कार्ड कोठे व कसे चालावे हे सांगणारा तीन अंकी सेवा-संकेत आणि बँकेने गुप्त किल्लीच्या साहाय्याने काढलेला एक पडताळणी अंक, एवढाच हा ऐवज आहे. पाठीवर छापलेला सीव्हीव्ही निराळा असतो. पट्टीची नक्कल करणाऱ्याच्या हाती तो पडू नये म्हणूनच तो पट्टीत भरत नाहीत. आणि पिन? तो पट्टीवरही नसतो आणि कार्डावर कोठेही छापलेला नसतो.

पट्टीचा दोष एकच होता, परंतु तो प्राणघातक होता. ती प्रत्येकाला, प्रत्येक वेळी, तेच उत्तर देते. ध्वनिफितीवरचे गाणे जसे कोणीही दुसऱ्या फितीवर उतरवून घेई, तशी पट्टीची नक्कल हातोहात होई. एटीएमच्या फटीवर बसविलेली छोटीशी वाचक पट्टी आणि बटणांवर रोखलेला लहानसा कॅमेरा, एवढ्या सामग्रीवर कित्येकांची खाती रिकामी झाली. ऑक्टोबर २०१६ मध्ये देशातील सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती फुटल्याची शक्यता उघड झाली, तेव्हा बँकांनी कार्डे बंद करून नवी देण्याचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. त्यावेळी प्रत्यक्ष पैसे गेल्याच्या तक्रारी ६४१ ग्राहकांच्या होत्या आणि रक्कम सुमारे १ कोटी ३० लाख रुपयांची होती, असे राष्ट्रीय देयक महामंडळाने जाहीर केले. त्या मानाने नुकसान थोडके वाटेल. परंतु त्या ६४१ जणांपैकी कोणीही कार्ड हरवले नव्हते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

या रोगावरील उपाय म्हणजे चिप. कार्डाच्या दर्शनी भागावरील सोनेरी चौकोन हा प्रत्यक्षात एक अगदी लहान संगणक आहे. त्याला स्वतःची वीज नसते, ती दुकानातील यंत्राकडून मिळते. त्याच्या पोटात एक गुप्त किल्ली ठेवलेली असते आणि ती कधीही बाहेर येत नाही. बँक ती जाणते, कारण तिने आपल्या मुख्य किल्लीपासून प्रत्येक कार्डासाठी वेगळी किल्ली घडवलेली असते. दुकानदार ती जाणत नाही, दुकानातील यंत्र जाणत नाही आणि कार्डधारकही जाणत नाही.

चिपचे कार्य समजण्यासाठी मराठी माणसाला दूर जाण्याचे कारण नाही. जुन्या दरबारी पत्रांत आरंभी शिक्का असे आणि मजकूर संपताच मोर्तब उठवीत. मोर्तबाखाली कोणी एखादी ओळ घुसडली तर ती उघडी पडे. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द त्यातूनच रूढ झाला. चुंबकीय पट्टी ही कोऱ्या कागदावर उठवून ठेवलेल्या शिक्क्यासारखी होती. तो कागद ज्याच्या हाती पडेल त्याने त्यावर हवा तो मजकूर लिहावा! चिप मात्र मजकूर पाहिल्याखेरीज मोर्तब करीत नाही. यंत्र तिला रक्कम, चलन, तारीख आणि त्या क्षणी मनास येईल तसा निवडलेला एक आकडा देते. चिप त्यात आपला व्यवहार-गणक मिळवते, म्हणजे हा आपला कितवा व्यवहार आहे ते नोंदवते. या सर्वांवर आपली गुप्त किल्ली चालवून ती एक संकेतमुद्रा तयार करते आणि ती मुद्रा बँकेकडे रवाना होते. बँकेचा संगणक तोच हिशेब स्वतः करून पाहतो. दोन्ही मुद्रा जुळल्या तर कार्ड खरे. रक्कम वाटेत एका रुपयाने जरी बदलली तरी मुद्रा जुळत नाही. आजची मुद्रा कोणी टिपून ठेवली आणि उद्या वापरली, तर गणक मागे पडलेला असल्याने ती फेटाळली जाते. स्पर्श न करता, नुसते यंत्राजवळ धरून चालणाऱ्या कार्डांतही हीच पद्धत आहे. म्हणून गर्दीच्या बसमध्ये कोणीतरी यंत्र खिशाजवळ नेऊन खाते रिकामे करील ही भीती अवाजवी आहे. पिन न विचारता होणाऱ्या अशा व्यवहाराची मर्यादा २०२१ च्या आरंभी २,००० वरून ५,००० रुपये करण्यात आली, ही गोष्ट मात्र प्रत्येकाला ठाऊक असावी.

फ्रान्समधील बँकांनी चिपचा स्वीकार नव्वदच्या दशकाच्या आरंभीच केला होता. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने पट्टीची जुनी कार्डे बदलून देण्यासाठी ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत घातली. मध्यंतरीचा काळ थोडा नव्हता. त्या काळात ज्यांचे पैसे पट्टीच्या नकलेने गेले त्यांना ‘आपण निष्काळजी होता’ असे सांगितले गेले असेल, तर त्यातील दोष खरोखर कोणाचा होता याचा विचार करण्यास आजही हरकत नाही.

आता पिनविषयी. पैसे देणारे यंत्र कल्पिणाऱ्यांपैकी एक जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म शिलाँगचा. त्यांचे यंत्र २७ जून १९६७ रोजी लंडनच्या एन्फिल्ड उपनगरात सुरू झाले. सहा आकड्यांचा संकेत ठेवावा असे त्यांच्या मनात होते. परंतु पत्नीने स्वयंपाकघरात बसून ‘मला चारच आकडे लक्षात राहतात’ असे सांगितले आणि जगभर चार आकडे रूढ झाले, अशी आठवण त्यांनी सांगितली आहे. काळी पट्टी आणि पिन या दोहोंच्या मुळाशी एकेका गृहिणीचा हातभार असावा हा योगायोग गमतीचा आहे.

पिनबाबत सर्वसामान्य ग्राहकाच्या मनात एक गैरसमज खोलवर रुजलेला आहे: बँकेतील कोणाला तरी आपला पिन दिसत असणार. वास्तवात तो कोणालाही दिसत नाही. यंत्रावर पिन दाबताच तो बटणांच्या पेटीतच कुलूपबंद होतो. त्या रूपात तो बँकेच्या एका कडेकोट उपकरणापर्यंत जातो आणि ते उपकरण केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगते. शाखाधिकाऱ्याला, संगणक विभागाला किंवा ग्राहकसेवा केंद्राला तो विचारण्याचे काहीही कारण नाही. म्हणूनच जो कोणी पिन विचारतो तो बँकेचा नाही, असे निःशंकपणे म्हणता येते.

प्रश्नोत्तरांची ही व्यवस्था इतकी सुंदर आहे की ती अभेद्यच आहे असा भ्रम सहज होतो. तो भ्रम ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्यात दूर झाला. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर शनिवार, ११ ऑगस्ट रोजी जो हल्ला झाला, त्यात चोरांनी खातेदारांचे पिन मिळवण्याच्या भरीस न पडता उत्तर देणाऱ्याचीच जागा घेतली. कोणत्याही एटीएमवर कार्ड घातले की विचारणा कार्डाच्या जाळ्यातून बँकेच्या स्विच या यंत्रणेकडे येते. स्विच ती मुख्य संगणकाला विचारतो, खात्यात शिल्लक आहे काय, पिन बरोबर आहे काय, आणि मग होकार देतो. हल्लेखोरांनी हानिकारक प्रणाली घुसवून या स्विचचा एक तोतया उभा केला. विचारणा तोतयाकडे जाऊ लागल्या आणि तो मुख्य संगणकाला न विचारताच प्रत्येक विचारणेला होकार देत सुटला. काही तासांत २८ देशांतून सुमारे १२,००० व्यवहारांद्वारे ७८ कोटी रुपये काढले गेले. देशातही मुंबई, कोल्हापूर यांसारख्या शहरांतून सुमारे २,८०० व्यवहारांत अडीच कोटी रुपये निघाले. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेवरून आणखी १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगला वळते झाले. एकूण आकडा ९४ कोटी ४२ लाखांवर गेला. पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये या प्रकरणी ११ जणांना दोषी ठरविले. ती माणसे प्रामुख्याने बनावट कार्डे घेऊन एटीएमसमोर उभी राहिलेली होती.

या घटनेतून एक दिलासाही मिळाला, तो म्हणजे मुख्य संगणकाला विचारलेच गेले नसल्याने खातेदारांच्या खात्यांतून रक्कम वजा झाली नाही. तोटा बँकेचा झाला. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तिचा अर्थ निराळा आणि अधिक गंभीर आहे. ‘यंत्रणेने होकार दिला’ हे विधान आणि ‘ग्राहकाने व्यवहार केला’ हे विधान एकच नव्हे, हे त्या शनिवारी हजारो वेळा सिद्ध झाले.

विलायतेत हाच मुद्दा आठ वर्षे आधी दुसऱ्या मार्गाने पुढे आला होता. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली दाखवून दिले की चोरीचे चिप कार्ड आणि दुकानातील यंत्र यांच्यामध्ये एक छोटे उपकरण बसविले, तर कोणताही पिन दाबला तरी यंत्राला ‘पिन बरोबर’ असे पटविता येते, तर कार्डाला वाटते की सहीवर व्यवहार होत आहे. चिठ्ठीवर मात्र पिन तपासल्याची नोंद उमटते! पुढे फ्रान्समध्ये चोरांच्या एका टोळीने ही युक्ती खरोखर वापरली. जेथे पिन कार्डाकडून न तपासता थेट बँकेपर्यंत पाठवून तपासला जातो, तेथे ही युक्ती चालत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तथापि तोपर्यंत किती ग्राहकांना ‘पिन जुळला’ या एका वाक्यावर परत पाठविले गेले असेल, याची कल्पना अस्वस्थ करणारी आहे.

रिझर्व्ह बँकेने या बाबतीत घेतलेली भूमिका बँक कर्मचाऱ्यांपैकी अनेकांनी अद्याप पूर्णपणे आत्मसात केलेली दिसत नाही. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारात ग्राहकाचे दायित्व सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकला. बँकेच्या बाजूने निष्काळजीपणा किंवा त्रुटी असेल तर ग्राहकाचे दायित्व शून्य. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, तर मधल्या यंत्रणेत आहे, अशा वेळी सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने कळविले तरीही दायित्व शून्य. चार ते सात दिवसांत कळविले तर सर्वसाधारण बचत खात्यासाठी ते जास्तीत जास्त १०,००० रुपये. ग्राहकाने स्वतःच पिन वा ओटीपी सांगितला असेल तर कळविण्यापूर्वीचा तोटा त्याचा, परंतु कळविल्यानंतरचा बँकेचा. कळविल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि ९० दिवसांत तक्रारीचा निकाल लावायचा, असेही त्यात सांगितले होते. नियमांत कालपरत्वे भर पडते आणि पडत राहील. पुराव्याचा भार कोणावर, हे तत्त्व मात्र एकदा मान्य झाल्यावर मागे घेणे कठीण आहे आणि ते मागे घेऊही नये.

तत्त्व मान्य करणे सोपे, आचरणात आणणे कठीण. तक्रारीच्या टेबलावर बसलेल्या अधिकाऱ्यापुढे दिवसाला अनेक प्रकरणे येतात. त्यांतील काही खोटी असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. घरातील मुलाने कार्ड वापरलेले असते आणि वडिलांना ते ठाऊक नसते. कधी ग्राहकाने ओटीपी सांगितलेला असतो आणि शरमेने तो ते कबूल करीत नाही. बँकेचा पैसा हा शेवटी ठेवीदारांचाच पैसा आहे, तो मागेल त्याला देऊन टाकावा असे कोणीही म्हणणार नाही. परंतु खरे-खोटे निवडण्याचे साधन बँकेच्याच कपाटात आहे. व्यवहार चिपवर झाला, पट्टीवर झाला, स्पर्शाविना झाला की क्रमांक टंकून झाला? संकेतमुद्रा तपासली गेली काय आणि ती जुळली काय? गणकाचा क्रम मागील व्यवहाराशी सलग आहे काय? म्हैसूरच्या दुकानात अकरा वाजता चाललेले कार्ड वीस मिनिटांनी दुसऱ्या राज्यातील एटीएममध्ये कसे पोहोचले? ओटीपीचा संदेश कोणत्या क्रमांकावर गेला आणि तो भ्रमणध्वनी क्रमांक चार दिवसांपूर्वीच बदलण्यात आला होता काय? या नोंदी वाचायला अर्धा तास लागतो. त्या वाचल्यावर मुलाने वापरलेले कार्ड आणि चोराने वापरलेले कार्ड यांतील फरक बहुधा आपोआप दिसू लागतो.

पट्टीचा मुद्दा येथे पुन्हा उपस्थित होतो, कारण चिप आली तरी पट्टी कार्डावरून गेलेली नाही. पट्टीतील सेवा-संकेताचा पहिला अंक २ किंवा ६ असेल तर ‘या कार्डाला चिप आहे, चिपच वाचा’ असा आदेश यंत्राला मिळतो. तरीही चिप वाचता न आल्यास पट्टीवर व्यवहार उरकण्याची पळवाट काही ठिकाणी ठेवलेली असते, आणि नकलाकार नेमके त्याच वाटेने येतात. मास्टरकार्डने आपल्या नव्या कार्डांवरून पट्टी २०२९ पर्यंत काढून टाकण्याचे आणि २०३३ पर्यंत ती पूर्णपणे नाहीशी करण्याचे २०२१ सालीच जाहीर केले. तोवर, चिप असलेल्या कार्डावर पट्टीच्या मार्गाने वादग्रस्त व्यवहार झाल्याचे नोंदीत दिसले, तर ग्राहकाला प्रश्न विचारण्यापूर्वी बँकेने स्वतःलाच प्रश्न विचारावा हे अधिक न्याय्य ठरेल. चिपचे कार्ड ज्याने दिले त्यानेच पट्टीची पळवाट उघडी ठेवली आहे.

इंटरनेटवरील खरेदीत कार्ड यंत्रात जातच नाही, त्यामुळे चिपचे मोर्तबही होत नाही. त्याची भरपाई म्हणून रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून अशा खरेदीसाठी आणखी एका पडताळणीची अट घातली. त्यावेळी व्यापाऱ्यांनी कुरकुर केली, ‘ग्राहक कंटाळून खरेदी अर्धवट सोडतो’ असे म्हटले. आज तीच अट अनेक देशांना अनुकरणीय वाटते. दुसरी मोठी सुधारणा १ ऑक्टोबर २०२२ पासून झाली. तोवर खरेदीच्या संकेतस्थळांवर ग्राहकांचे कार्ड क्रमांक साठवलेले असत आणि एक संकेतस्थळ फुटले की हजारो क्रमांक बाहेर पडत. आता व्यापाऱ्याजवळ मूळ क्रमांक न राहता केवळ टोकन राहते. चामुंडीच्या देवळाबाहेर चपला ठेवल्या की बिल्ला मिळतो. त्या बिल्ल्यावर दुसऱ्या देवळाबाहेर चपला मिळत नाहीत. टोकनचेही तसेच आहे. एका दुकानासाठी दिलेले टोकन चोरून दुसऱ्या दुकानात चालत नाही.

ग्राहकाच्या वाट्याचे कर्तव्य या सर्वांतून नाहीसे होत नाही. ओटीपीच्या संदेशात बहुधा रक्कम आणि व्यापाऱ्याचे नाव लिहिलेले असते. ते न वाचता सहा आकडे टंकणे म्हणजे मजकूर न वाचता शिक्कामोर्तब करणे होय. परदेशातील व्यवहार, इंटरनेटवरील व्यवहार, स्पर्शाविना व्यवहार हे प्रकार आपापल्या कार्डावर हवे तेव्हा सुरू वा बंद करण्याची सोय ऑक्टोबर २०२० पासून सर्व बँकांनी दिलेली आहे. ज्याला परदेशी जायचे नाही त्याने परदेशाचे दार उघडे का ठेवावे? भ्रमणध्वनी क्रमांक बदलला तर शाखेत त्वरित कळवावे, कारण सूचनेचा संदेशच पोहोचला नाही तर तीन दिवसांची मुदत केव्हा सुरू झाली आणि केव्हा संपली, यावर निष्कारण वाद होतो. एवढे ज्याने केले, त्याने आपली बाजू सांभाळली असे मानावे.

आणि बँकेने? तक्रार नाकारायचीच असेल तर ‘पिन जुळला’ या वाक्याऐवजी ग्राहकाला नोंदींचा सोप्या मराठीत लिहिलेला खुलासा देण्याची पद्धत प्रत्येक शाखेत पडली पाहिजे. व्यवहार कोठे झाला, कोणत्या मार्गाने झाला, कोणत्या वेळी झाला, काय तपासले गेले आणि कशावरून तो ग्राहकानेच केला असे बँक मानते, एवढे एका पानात मावते. हे पान लिहिता येत नसेल, तर पुरावा आपल्याजवळ नाही हे बँकेने ओळखावे आणि रक्कम परत करावी. काही वेळा बँकेचे नुकसान होईल. सुरक्षा वाढविण्यासाठी पैसा कोठे खर्च करावा याचा धडाही त्याच नुकसानीतून मिळेल. भार ग्राहकावर ढकलला की तो धडा कोणीच शिकत नाही, ना ग्राहक ना बँक.

मानंदवाडी रस्त्यावर घेतलेली साडी सांगलीला पोहोचते, दिवाळीला नेसली जाते आणि पुन्हा खोक्यात ठेवली जाते. खोक्याच्या तळाशी ती चिठ्ठी असते. ज्या कागदावर अशा चिठ्ठ्या छापतात त्यावर शाई नसते, उष्णतेने अक्षरे उमटलेली असतात. काही महिन्यांत ती फिकट होतात आणि कागद कोरा दिसू लागतो. साडीवरील क्रमांक मात्र तसाच वाचता येतो, आणि त्या खरेदीची रक्कम, वेळ, संकेतमुद्रा आणि गणकाचा आकडा बँकेच्या संगणकात तसाच असतो.